गप्प बसणाऱ्यांचं मंडळ



जानेवारीत मुलांच्या दप्तरातून क्यूशोकुचा जो कागद येतो, त्यावर २४ ते ३० जानेवारी हा शालेय भोजनाचा सप्ताह असतो. आपण बीफ-पोर्क कुठल्या दिवशी आहे तेवढं बघतो आणि कागद फ्रिजला चिकटवतो. (खोटं कशाला बोलू, मीही तेच करायचे.) यंदा लेकीने विचारलं, "आई, हा सप्ताह कशासाठी?" उत्तर शोधत गेले आणि थेट क्वेकर लोकांपाशी पोचले.

युद्ध संपलं तेव्हा इथली मुलं उपाशी होती. नोव्हेंबर १९४६ पासून 'लारा' या नावाने मदतीची जहाजं यायला लागली. दूध पावडर, कपडे, अगदी जिवंत बकऱ्यासुद्धा! त्यात अमेरिका-ब्राझीलमध्ये जाऊन राहिलेल्या जपानी लोकांनी जमवलेली मदतही होती, म्हणजे आपल्यासारख्याच परदेशी गेलेल्यांची. २४ डिसेंबर १९४६ ला टोकियोतल्या एका शाळेत या मालाचा स्वीकार समारंभ झाला आणि शाळेतलं जेवण पुन्हा सुरू झालं. डिसेंबरात सुट्टी असते म्हणून सप्ताह महिनाभर पुढे ढकलला, एवढंच. लाराच्या इथल्या तीन प्रतिनिधींमध्ये एक होत्या एस्थर ऱ्होड्स. क्वेकर बाई, १९१७ मध्ये जपानला आलेल्या, टोकियोतल्या क्वेकर मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या.

क्वेकर हा सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये निघालेला ख्रिस्ती पंथ. त्यांची जुनी रीत अशी की प्रार्थनेला पाद्री नाही, गाणं नाही, सगळे तासभर गप्प बसतात. कुणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर उठून चार वाक्यं बोलायची, की पुन्हा शांतता. मी चक्रावलेच. आपली भक्ती टाळ-मृदंगाची. परदेशातलं आपलं मंडळही आरती, ढोल आणि मोदकांवर उभं. मग टोकियोत थोडे, इबाराकीत मितो नि त्सुचिउराकडे थोडे असे विखुरलेले लोक गप्प बसून एकत्र राहिले कसे?

सुरुवात झाली १८८५ मध्ये. फिलाडेल्फियाच्या क्वेकर बायकांनी जोसेफ आणि सारा कोसँड या जोडप्याला जपानला पाठवलं. तिथे तेव्हा असलेल्या नितोबे इनाझो आणि उचिमुरा कान्झो या दोन तरुणांनी सल्ला दिला होता की मुलींच्या शिक्षणाचं काम करा. १८८७ मध्ये शाळा निघाली, ती आजही मिता भागात आहे. 'फ्रेंड' या इंग्रजी शब्दाच्या उच्चाराला त्सुदा सेन यांनी अशी कांजी जोडली की त्यातून 'सगळीकडच्या भूमीशी जोडलेली' असा अर्थ निघावा. फुरेन्दो. नितोबे पुढे स्वतः क्वेकर झाले. जुन्या पाच हजारांच्या नोटेवर होते ते हेच.

पण शाळा आणि एक मोठा माणूस एवढ्यावर पंथ टिकत नाही. टिकवलं ते कागदांनी. हे मला सीए म्हणून फार पटलं (आणि हो, प्राइस वॉटरहाऊसमधला एडविन वॉटरहाऊस क्वेकर घरातलाच). त्यांच्या सभेत मतदान नसतं. अध्यक्षही नसतो, असतो तो क्लार्क. चर्चा ऐकून तो तिथल्या तिथे ठराव लिहितो आणि वाचून दाखवतो. सगळ्यांना पटेपर्यंत शब्द बदलत बसतात. आपल्याकडे मिनिट्स मीटिंगनंतर पंधरा दिवसांनी, आठवून लिहितात! शिवाय महिन्याची सभा, वर्षाची सभा. वार्षिक सभेतून जगभरच्या क्वेकरांना एक पत्र जातं, त्यांचीही येतात. कामासाठी दूर निघालेला माणूस आपल्या सभेचं पत्र बरोबर नेतो, आणि तो जिथे जातो तिथले लोक त्यावर शेरा लिहितात. म्हणजे कोपऱ्यातल्या दहा जणांनाही कळतं की आपली नोंद कुठेतरी आहे.

जपानची वार्षिक सभा १९१७ मध्ये स्थापन झाली. मग आला १९३९ चा धार्मिक संस्थांचा कायदा. १९४१ मध्ये सरकारच्या दबावाखाली प्रोटेस्टंट पंथ एकाच 'क्योदान'मध्ये कोंबले गेले, त्यात क्वेकरही. चोवीस वर्षांची सभा कागदावरून गेली. १९४५ च्या हवाई हल्ल्यांत शाळा जळाली. आणि तरी १९४७ मध्ये वार्षिक सभा पुन्हा उभी राहिली! त्याच सुमाराला एलिझाबेथ व्हायनिंग ही दुसरी क्वेकर बाई राजपुत्र अकिहितोंना इंग्रजी शिकवत होती.

सगळंच गोड नव्हतं. दोन देशांमधला पूल व्हायचं नितोबेंचं स्वप्न होतं. पण मांचुरियानंतर १९३२ मध्ये ते जपानची बाजू समजावायला अमेरिकेत गेले आणि तिथले जुने मित्र दुरावले. इथले लष्करवाले तर त्यांच्यावर आधीच चिडलेले. १९३३ मध्ये ते कॅनडात वारले. शांततेचा पंथ आणि आक्रमक देश, दोन्ही त्यांना आपलेच वाटत होते. मला त्यांचं ते भाषण पटत नाही, पण दोन देशांत अडकलेल्या माणसाचा राग मला करता येत नाही.

हे वाचून मी आमच्या छोट्या मराठी गटाची जुनी वही शोधली. मिळाली नाही. पहिला गणपती कुणाच्या घरी बसला, मुलांचा वर्ग का बंद पडला, सगळं कुणाच्या तरी जुन्या फोनमध्ये राहिलं. आता नवी वही केली आहे. गेल्या रविवारी सातजण आलो, चार मुलं. ठराव एकच झाला: वर्ग पुन्हा सुरू, महिन्यातून दोनदा. तिथेच लिहिला, वाचून दाखवला. एका बाबांनी "दोनदा"चं "जमेल तसं" करायला लावलं, त्यावर वीस मिनिटं गेली. शेवटी "दोनदा"च राहिलं.

तुमच्या गावच्या गटाकडे जुनी वही आहे का? असेल तर पहिल्या पानावर काय लिहिलंय ते खाली सांगा.