महिला बास्केटबॉल विश्वचषक

राष्ट्रीय महिला संघांची सर्वोच्च जागतिक बास्केटबॉल स्पर्धा. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने म्हणजे फिबाने ती 1953 मध्ये चिलीतील सँतियागो येथे सुरू केली. ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलला 1976 साली माँट्रियलला प्रवेश मिळाला. त्याआधीची 23 वर्षे जागतिक पातळीवरचे मोठे व्यासपीठ हेच होते.

पहिल्या दोन स्पर्धा अमेरिकेने जिंकल्या. 1959 पासून 1975 पर्यंत सलग पाच वेळा सोव्हिएत संघ विजेता ठरला. 1979 च्या सोल येथील स्पर्धेला सोव्हिएत संघ आलाच नाही आणि अमेरिकेने विजेतेपद मिळवले. त्या यशाचे मोल जोखताना ही गैरहजेरी विसरता येत नाही, कारण 1983 मध्ये साओ पाउलो येथे दोघे समोरासमोर आले तेव्हा सोव्हिएत संघाने 84-82 अशी बाजी मारली.

त्या संघाचा कणा होती लाटवियाची उल्याना सेम्योनोवा. उंची 2.10 मीटरच्या आसपास, क्लब रीगाचा टीटीटी. तीन विश्वविजेतेपदे आणि दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या या सेंटर खेळाडूने सोव्हिएत जर्सीत अधिकृत आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधला एकही सामना गमावला नाही. तिचे यश केवळ उंचीच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे. इतकी वर्षे अपराजित राहायला बास्केटखालची जागा हेरण्याची समज आणि हातांची अचूकता लागते. 1993 मध्ये अमेरिकेतील नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये तिची निवड झाली.

अमेरिकेने 1986 मध्ये थेट मॉस्कोत सोव्हिएत संघाला अंतिम सामन्यात 108-88 असे हरवले आणि तिथून पारडे फिरले. 2022 पर्यंतच्या 19 स्पर्धांपैकी 11 अमेरिकेने आणि 6 सोव्हिएत संघाने जिंकल्या आहेत.

उरलेल्या दोन विजेतेपदांची हकीकत मात्र या स्पर्धेतली सर्वांत रंजक म्हणावी लागेल. 1994 मध्ये सिडनीत ब्राझीलने उपांत्य सामन्यात अमेरिकेला 110-107 असे नमवले आणि अंतिम सामन्यात चीनला 96-87 असे हरवले. ऑर्तेन्सिया, ‘मॅजिक’ पाउला आणि जानेत आर्काईन या तिघींनी ब्राझीलच्या वेगवान, आक्रमक खेळाला जगज्जेतेपदापर्यंत नेले. पुढे ऑर्तेन्सिया आई झाली आणि त्याच वर्षी, 1996 मध्ये, अटलांटा ऑलिंपिकसाठी संघात परतली. ब्राझीलने तिथे रौप्यपदक मिळवले.

2006 मध्ये साओ पाउलोत रशियाने उपांत्य फेरीतच अमेरिकेला 75-68 असे रोखले. ऑस्ट्रेलियाने अंतिम सामन्यात त्याच रशियाचा 91-74 असा पराभव केला. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली ऑस्ट्रेलियाची पेनी टेलर.

टेलरची सहकारी लॉरेन जॅक्सन हिला गुडघ्याच्या दुखापतीमुळे 2016 मध्ये खेळ थांबवावा लागला होता. 2022 ची स्पर्धा सिडनीत भरली तेव्हा वयाच्या 41 व्या वर्षी ती राष्ट्रीय संघात परतली. कॅनडाविरुद्धच्या कांस्यपदकाच्या सामन्यात तिने 30 गुण केले. मायदेशी प्रेक्षकांसमोर इतके देखणे पुनरागमन फार थोड्या खेळाडूंच्या वाट्याला आले असेल. त्या स्पर्धेत अमेरिकेने अंतिम सामन्यात चीनला 83-61 असे हरवले. सर्वोत्तम खेळाडूचा मान एजा विल्सनला मिळाला. 2026 च्या स्पर्धेपासून संघांची संख्या 12 वरून 16 करण्यात आली.

भारतीय महिला संघ 2022 पर्यंत या स्पर्धेला एकदाही पात्र ठरला नव्हता. आशिया चषकातून पुढची वाट खुली होते, त्यामुळे 2017 चे बंगळूरुमधील यश महत्त्वाचे. पुण्याची शिरीन लिमये खेळत असलेल्या संघाने आशिया चषकाच्या खालच्या स्तरातील ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला 75-73 असे हरवून वरच्या ‘अ’ गटात प्रवेश मिळवला. जपान, चीन, ऑस्ट्रेलिया यांच्या पंक्तीत टिकणे मात्र जड गेले. 2019 मध्ये आशिया चषक पुन्हा बंगळूरुलाच भरला आणि भारताला ‘ब’ गटात परतावे लागले.