समजलं का?

बऱ्याच दिवसांनी ब्लॉगचं दार उघडतेय. निमित्त आमच्या भाचीचं. ती एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. (मीही ३१ वर्षं तेच केलं, त्यामुळे तिला या मार्गाला लावल्याचं खापर घरात माझ्यावरच फुटतं.) मागच्या महिन्यात रात्री दहाला तिचा फोन आला.

"मावशी, आमच्या स्टाफरूमच्या कपाटात साठ क्लिकर पडून आहेत. दोन वर्षं झाली, कुणी खोकंसुद्धा उघडलेलं नाही. आता प्राचार्य म्हणतात, तू सगळ्यांना वापरायला लाव. शनिवारी अर्धा तास दिलाय. काय बोलू गं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. क्लिकर म्हणजे हातात मावणारं, चार-पाच बटणांचं रिमोटसारखं यंत्र. शिक्षक पडद्यावर प्रश्न आणि चार पर्याय दाखवतात, प्रत्येक मूल आपापलं बटण दाबतं आणि किती जणांनी कोणता पर्याय निवडला ते क्षणात पडद्यावर येतं. शेजारच्याला आपलं उत्तर दिसत नाही, त्यामुळे लाजायचं कारण नाही.

मी तिला म्हटलं, बटणं कशी चालतात ते सांगत बसू नकोस. या यंत्राचा इतिहास सांग. तिला जे सांगितलं तेच आज इथे लिहितेय.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६६ साली आणि कॉर्नेलमध्ये १९६८ साली वर्गात अशी व्यवस्था बसवली गेली होती. तेव्हा बिनतारी वगैरे काही नव्हतं. बाकांना बटणं आणि खालून वायरी. त्या काळात बी. एफ. स्किनर यांच्या विचारांचा जोर होता. प्रश्न द्या, उत्तर घ्या, बरोबर की चूक ते लगेच सांगा, म्हणजे विद्यार्थी शिकेल, असा तो हिशेब. मुलांना हे प्रकरण फार आवडलं. पण जडसन आणि सावादा या दोन संशोधकांनी २००२ मध्ये त्या जुन्या प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा दिसलं की १९६०-७० च्या दशकांत या बटणांमुळे मुलांच्या मार्कांत म्हणण्यासारखा फरक पडलाच नव्हता. यंत्र होतं, हौस होती, खर्चही झाला होता. शिकवणं मात्र पूर्वीचंच राहिलं.

मग गाडी रुळावर आली कशी? तर एका प्राध्यापकाची फजिती झाली म्हणून!

एरिक माझुर हे १९८४ पासून हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवत होते. विद्यार्थी त्यांना उत्तम शिक्षक म्हणत. १९९० च्या सुमारास त्यांच्या वाचनात हालून आणि हेस्टेनेस यांचे लेख आले. त्यात म्हटलं होतं की वर्षभर फिजिक्स शिकूनही मुलांच्या मनातल्या बल आणि गतीच्या चुकीच्या कल्पना तशाच राहतात. माझुरना वाटलं, आपली हार्वर्डची मुलं अशी नसणार. त्यांनी तीच साधी चाचणी आपल्या वर्गाला दिली. तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं, की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहायची, की मला खरंच वाटतं तशी?

हा प्रश्न पहिल्यांदा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसतीच बसले होते.

चाचणीचा निकाल वाईट लागला. अवघड गणितं सोडवणारी मुलं साध्या प्रश्नांत अडकली. माझुर फळ्यावर पुन्हा पुन्हा समजावत राहिले, तरी चेहरे कोरेच. शेवटी ते म्हणाले, आपसांत बोला. वर्गात एकदम गलका झाला आणि दोन-तीन मिनिटांत मुलांनी एकमेकांना पटवून उत्तर काढलं. कारण ज्याला आत्ताच समजलंय त्याला आपण कुठे अडलो होतो ते अजून आठवत असतं. आपण शिक्षक ते केव्हाच विसरलेलो असतो.

१९९१ पासून त्यांनी याचीच पद्धत बसवली. आधी प्रश्न, मग प्रत्येकाचं स्वतंत्र उत्तर. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर असतील तर शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा उत्तर. त्याहून कमी असतील तर धडा परत, जास्त असतील तर पुढे चला. सुरुवातीला हे हात वर करून आणि कार्डं दाखवूनच चाले. यंत्रं मागून आली.

याचा उपयोग होतो का? रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६२ वर्गांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांचे निकाल मांडले. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं नुसती व्याख्यानं ऐकणारे सरासरी २३ टक्के शिकले आणि वर्गात बोलतं-करतं केलेले ४८ टक्के. पुढे २००९ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या अभ्यासात दिसलं की गटात सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर येत नसलं, तरी चर्चेनंतर मुलं सुधारतात. आपल्याकडे आयआयटी मुंबईत २०१३ साली प्रोग्रॅमिंगच्या भल्यामोठ्या वर्गात 'आधी स्वतः विचार, मग जोडीने, मग सगळ्यांनी' असा प्रयोग झाला, तेव्हा सरासरी ८३ टक्के मुलं त्यात खरोखर गुंतलेली आढळली. आणि गंमत म्हणजे नॅथॅनियल लॅस्री यांनी २००८ मध्ये क्लिकर आणि साधी कार्डं यांची तुलना केली, तर शिकण्यात फरक काहीच नाही! कार्डांपेक्षा यंत्राने मोजणी सोपी होते आणि लाजरं मूलही उत्तर देतं, हा फायदा मात्र आहेच.

भाची म्हणाली, "मग कपाट का उघडत नाहीत गं? बटणांची भीती वाटते का?"

बटणांची कसली भीती? सगळ्यांकडे मोबाइल आहेत. भीती पडद्यावर काय उमटेल त्याची असते. मी हे माझ्यावरून सांगते.

मी प्रत्येक तासाच्या शेवटी विचारायचे, "समजलं का?" सगळा वर्ग म्हणायचा, "हो मॅडम." मी खूश. पंधराएक वर्षांपूर्वी एका लग्नात माझी जुनी विद्यार्थिनी भेटली. पहिल्या बाकावर बसायची, वही अगदी नीटनेटकी. बारावीनंतर तिने सायन्स सोडलं होतं. हसत हसत म्हणाली, "मॅडम, तुमचं शिकवणं फार आवडायचं हो. पण करंट म्हणजे नक्की काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे हो म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे."

तिची काही तक्रार नव्हती. जेवणाच्या पंगतीत मला मात्र घास गिळेना. माझ्याकडे क्लिकर नव्हते हे खरं. पण चार रंगांची कार्डं करायला काय लागलं असतं? मला विचारायचंच नव्हतं. "हो मॅडम" ऐकायला बरं वाटत होतं.

तर शनिवारी भाचीने भाषण केलंच नाही. क्लिकर वाटले आणि एकच प्रश्न दिला. एसटी आणि रिक्षाची समोरासमोर टक्कर झाली, कोण कुणावर जास्त बल लावतं? क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात हे सगळ्यांना शाळेपासून पाठ. तरी निम्म्याहून जास्त जणांनी एसटी निवडली. आपसांत बोला म्हटल्यावर केमिस्ट्रीचे सर आणि मराठीच्या बाई हातवारे करून भांडायला लागल्या. बल दोघांवर सारखंच असतं, रिक्षा हलकी म्हणून तिचे हाल जास्त, हे शेवटी मराठीच्या बाईंनीच पटवलं.

एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "मग पोर्शन कधी संपवायचा?" प्रश्न रास्त आहे. तासाला एक-दोन प्रश्न घेतले तर काही भाग मुलांना घरी वाचायला द्यावाच लागतो. भाचीने तसं कबूल केलं. फक्त म्हणाली, "सर, पोर्शन आपला संपतो. त्यांचा संपला का, ते बघू या."

सोमवारी दोघांनी क्लिकर मागून नेले. बावीस जणांत दोन. भाची जरा हिरमुसली होती. मी म्हटलं, अगं, ३१ वर्षांत माझा आकडा शून्य होता.

असो. घरात नातवंडांचा अभ्यास घेणाऱ्यांनी एक करून बघा. "समजलं का?" विचारायचं सोडा. "तुला काय वाटतं, काय होईल?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. ते गप्प बसणंच अवघड आहे, निदान मला तरी अजून जड जातं.