मुक्ताईनगर : नगररचना आणि बांधकामाचे प्रश्न

मुक्ताईनगर. जळगाव जिल्ह्याच्या पूर्व भागातील, पूर्णा नदीलगतचे तालुक्याचे ठिकाण. जुने नाव एदलाबाद. जवळच्या कोथळी येथील संत मुक्ताबाईंच्या स्थानामुळे वारकरी संप्रदायात या परिसराला मोठा मान आहे. ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत येऊन २०१८ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. त्यामुळे कागदोपत्री हे शहर अगदी नवे आहे. त्याच्या जागेचे गुणदोष मात्र नदीइतके जुने, आणि काही १९८२ नंतरचे.

१९८२ मध्ये तापीवरील हतनूर धरण पूर्ण झाले. ते भुसावळ तालुक्यात, चांगदेव येथील तापी-पूर्णा संगमाच्या खालच्या अंगाला आहे. मातीच्या या धरणाला ४१ वक्राकार दरवाजे आहेत. भुसावळ, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र, वरणगावचा आयुधनिर्माणी कारखाना आणि उजव्या कालव्यावरची शेती त्याच्यावर अवलंबून आहे. धरणाची भिंत एका तालुक्यात आणि फुगवटा दुसऱ्या तालुक्यात, अशी ही वाटणी आहे. लाभाचे पाणी खाली जाते. पाण्याचा शेजार मुक्ताईनगर आणि आसपासच्या गावांच्या वाट्याला येतो. या फुगवट्यापायी परिसरातली गावठाणे हलवावी लागली.

पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतली काळी माती घेऊन येते. जलाशयाच्या तोंडाशी वेग मंदावला की गाळ तिथेच बसतो. पात्र वर आले की पूर्वी जेवढ्या पाण्याने नदी काठाच्या आत राहत असे, तेवढ्याच पाण्याने ती काठाबाहेर पडू शकते. राज्यात पूररेषा दोन असतात : साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. गाळ भरणाऱ्या नदीवर या रेषा एकदा आखून कायमच्या ठरत नाहीत. पात्राची मोजणी करून त्या वेळोवेळी तपासाव्या लागतात, हे अभियंत्याला सांगावे लागत नाही. प्लॉट विकणाऱ्याला मात्र सांगावे लागते. शिवाय तापी-पूर्णेचे काठ मऊ गाळमातीचे असल्याने पावसाच्या पाण्याने खोल घळी पडतात आणि त्या मागे मागे सरकत शेतात शिरतात.

काठ सोडून वर यावे तर काळी माती. केळी-कापसाला उत्तम असणारी ही जमीन घराला त्रासाची आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर उथळ पाया घातला की खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते. मालक ती सिमेंटने बुजवतो, पुढच्या उन्हाळ्यात ती परत उघडते. दोष बहुतेक वेळा गवंड्याला दिला जातो. कारण अनेकदा भिंतीलगत खणलेला शोषखड्डा किंवा गळणारी मोरी असते. एका कोपऱ्याखालची माती बारमाही ओली, दुसऱ्याखालची कोरडी, म्हणून घर असमान उचलले जाते. उपाय ठाऊक आहेत. काळी माती काढून दाबलेला मुरूम भरणे आणि प्लिंथ बीम बांधणे हा रुळलेला मार्ग. तळाशी फुगीर कंद असलेले स्तंभपाये रूरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी पुढे आणले. आयआयटी मुंबईतील प्रा. आर. के. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीच्या थराची पद्धत विकसित केली. काळ्या मातीतल्या कालव्यांच्या अस्तरीकरणात ती वापरली जाते. अडचण खर्चाची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेत शहरी लाभार्थ्याला स्वतःचे घर बांधण्यासाठी केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपये देतात. त्यातला मोठा हिस्सा जमिनीखाली गाडायला कोणते कुटुंब तयार होईल?

खानदेशचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. जुन्या घरांचे उत्तर म्हणजे धाबे : लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर आडवी लाकडे, पाला-काटक्यांचा थर आणि त्यावर हातभर माती. मृगापूर्वी वर पांढरी माती पसरून ते दुरुस्त करावे लागे, पाणी काढायला पन्हाळ असे. जाड माती दिवसाचे ऊन आत उतरू देत नसे. आजचा चार-पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खोलीत उष्णता सोडतो. मग कूलर लावा, त्यात पाणी ओता, तेही टंचाईच्या दिवसांत. पण धाब्याचे गोडवे गाताना किल्लारी विसरून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात मातीने जड झालेली छपरे आणि सैल दगडी भिंती हजारोंच्या जिवावर उठल्या. जळगाव जिल्हा भारतीय मानक १८९३ (२०१६) नुसार भूकंप क्षेत्र तीनमध्ये येतो. म्हणून छप्पर हलके हवे, सावली देणारे हवे आणि पांढरा चुन्याचा हात दरवर्षी हवा. स्लॅबवर हवा खेळती ठेवून दुसरे हलके आच्छादन घालणे हा सोपा उपाय अजून फारसा रुळलेला नाही.

रस्त्यांमुळे गाव वाढले. सुरतकडून नागपूरमार्गे पूर्वेला जाणारा राष्ट्रीय महामार्ग (पूर्वी ६, आता ५३) आणि जामनेर-बोदवडहून बऱ्हाणपूर, खंडव्याकडे जाणारा महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. रेल्वे स्थानक शहराला नाही, त्यामुळे माल आणि माणूस दोघेही रस्त्यावर. चौपदरीकरणाने अंतर कमी झाले, पण गावातल्या शाळकरी पोराला रुंद रस्ता ओलांडणे अवघड होते. भुयारी मार्ग, सेवा रस्ता आणि पावसाचे पाणी जाऊ देणाऱ्या मोऱ्या नेमक्या जागी असणे हे इथे उड्डाणपुलाच्या देखणेपणापेक्षा महत्त्वाचे. महामार्गाचा भराव काळ्या मातीच्या सपाटीवर बांधासारखा उभा राहतो आणि मोऱ्या अपुऱ्या असल्या तर वरच्या अंगाची शेते बुडतात.

वारसास्थळांचा प्रश्न वेगळा आहे. चांगदेव येथील हेमाडपंती मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली असून २०१० च्या कायदादुरुस्तीनुसार त्याच्या १०० मीटरांत नवे बांधकाम करता येत नाही, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. महाशिवरात्रीला तिथे आणि मुक्ताई मंदिरात मोठी गर्दी होते. स्वच्छतागृहे, वाहनतळ, पिण्याचे पाणी ही सोय त्या चौकटीत राहून करावी लागते.

जलाशय पाटबंधारे महामंडळाकडे, महामार्ग केंद्राकडे, मंदिर पुरातत्त्व खात्याकडे. नगरपंचायतीकडे गटारी, गल्ल्या आणि बांधकाम परवाने उरतात. पण महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखडा करण्याचा अधिकार स्थानिक नियोजन प्राधिकरणाचा आहे. मातीचा नकाशा, ताजी पूररेषा आणि नाल्यांचे मूळ प्रवाह त्या आराखड्यात दाखवले, तर परवाना देताना नकार द्यायला नगरपंचायतीच्या हाती आधार राहतो. नाही दाखवले, तर तो राहत नाही.