बाटलीतली भीती

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जाहिरात म्हणजे मालाची तारीफ, असे आपण समजतो. फार काळ ते खरेही होते. अत्तरवाल्याचेच घ्या. ईदच्या आधी भरणाऱ्या बाजारात तो अत्तराचा फाया आपल्या मनगटावर टेकवतो आणि वास घ्यायला सांगतो. आवडले तर घ्या, नाहीतर पुढे चला. तुमच्या अंगाला घामाचा वास येतो, म्हणून लोक तुमच्यापासून लांब बसतात, असे कोणा अत्तरवाल्याने गिऱ्हाइकाला म्हटलेले मी तरी ऐकले नाही. विसाव्या शतकातली जाहिरात नेमके हेच म्हणायला शिकली. ती कशी शिकली, याची ही हकीकत.

अमेरिकेत वॉल्टर डिल स्कॉट नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. १९०३ आणि १९०८ साली त्यांनी जाहिरातीच्या मानसशास्त्रावर दोन पुस्तके लिहिली. माणूस हिशेब करून वस्तू घेतो असे आपण मानतो, पण पुष्कळदा तो सुचवलेल्या गोष्टीमागे जातो, असे त्यांचे म्हणणे. व्यापाऱ्यांनी ते ध्यानात ठेवले.

आता एका बाटलीची गोष्ट सांगतो. १८७९ साली अमेरिकेतल्या सेंट लुई शहरात डॉ. जोसेफ लॉरेन्स यांनी एक जंतुनाशक द्रव तयार केला. शस्त्रक्रियेत जंतुनाशकाचा आग्रह धरणारे इंग्रज शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून त्याचे नाव पडले लिस्टरीन. लॅम्बर्ट कंपनी तो डॉक्टरांना आणि पुढे दंतवैद्यांना विकत असे. १९१४पासून तो दुकानात सर्वांना मिळू लागला, पण खप बेताचाच होता. १९२०च्या दशकात मालकांपैकी जेरार्ड लॅम्बर्ट यांच्या पुढाकाराने नवी जाहिरात निघाली. बाटली तीच, औषध तेच. बदलला तो फक्त शब्द. वैद्यकाच्या पुस्तकात पडून असलेला ‘हॅलिटोसिस’ हा शब्द त्यांनी उचलला. अर्थ साधा : तोंडाला येणारा वास. पण ‘तोंडाला वास येतो’ म्हटले की माणूस चूळ भरतो. ‘हॅलिटोसिस’ म्हटले की त्याला रोग जडल्यासारखे वाटते. मी शब्दांचा धंदा करणारा माणूस, म्हणून मला याचे विशेष वाटते. एका शब्दाने एवढी उलथापालथ करणे आम्हा कवींना सहसा जमत नाही.

त्या जाहिरातींत एक देखणी तरुणी असे. तिशी जवळ येत चाललेली. मैत्रिणींची लग्ने होत जातात, ती प्रत्येक लग्नात करवली म्हणून मिरवते, नवरी मात्र होत नाही. का, ते तिला कळत नाही. कारण असले काही जवळची मैत्रीणसुद्धा तोंडावर सांगत नाही.

यातली मेख पाहा. आपल्या तोंडाचा वास आपल्याला सहसा येत नाही. म्हणजे शंका आली की ती स्वतः तपासून दूर करता येत नाही. दुसऱ्याला विचारावे, तर तो ‘छे, छे’ म्हणणारच. जाहिरातीने आधीच सांगून ठेवले आहे की कुणी खरे बोलत नाही. म्हणजे लोकांचे गप्प बसणे हाच पुरावा! या कोंडीतून बाहेर पडायची वाट एकच, ती बाटली. लिस्टरीनची विक्री पुढच्या काही वर्षांत कितीतरी पटींनी वाढली.

याच काळात जॉन वॉटसन हे मानसशास्त्रज्ञ जाहिरातीच्या व्यवसायात आले. वर्ष न भरलेल्या एका बाळाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि त्याच वेळी मागे लोखंडी कांबीवर हातोडा मारायचा, असा प्रयोग त्यांनी केला होता. बाळ पुढे नुसता उंदीर पाहूनच रडू लागले. भीती शिकवता येते, हे त्यांनी दाखवले. ती त्या लेकरावर शिकवली, हे मला आजही निर्दय वाटते. खासगी आयुष्यातल्या एका प्रकरणावरून १९२० साली त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. ते जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीत गेले आणि १९२४ साली तिचे उपाध्यक्ष झाले. लिस्टरीनची जाहिरात त्यांची नव्हे, पण वारे तेच होते.

याच थॉम्प्सन कंपनीने १९२९ साली मुंबईत कचेरी उघडली. १९४१ साली आपल्या लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. असा मान मिळालेल्या त्या पहिल्या भारतीय तारका. त्या जाहिरातीत भीती नव्हती, हौस होती. भीती आली ती फेअर अँड लव्हलीबरोबर. हे क्रीम १९७५ साली बाजारात आले. सावळी मुलगी, नकार, मग क्रीम, मग होकार. पुढे होकाराच्या जागी नोकरी आली. सेंट लुईच्या त्या करवलीचीच ही धाकटी बहीण.

मात्र एक फरक आहे आणि तो आपल्याला टोचायला हवा. हॅलिटोसिसची भीती कंपनीने मोठी केली. रंगाची भीती कंपनीला आयती मिळाली. ‘गोरी वधू पाहिजे’ हे वृत्तपत्राच्या विवाहविषयक सदरात आपणच पैसे भरून छापत आलो. कांदेपोह्याच्या बैठकीत मुलीच्या रंगावर बोलणारी मावशी, आत्या, खाला, फुफी कुणाच्या पगारावर नव्हती. जाहिरातवाल्यांनी आमच्या घरातलेच बोलणे उचलून दूरचित्रवाणीवर आम्हालाच ऐकवले.

कायद्याचे हात कुठपर्यंत पोचतात, तेही पाहा. लिस्टरीनने सर्दी टळते असा दावाही वर्षानुवर्षे केला होता. १९७५ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने, तो खरा नाही हे जाहिरातीतच सांगा, असा आदेश दिला आणि न्यायालयाने तो कायम ठेवला. सर्दी मोजता येते. त्या तिशीतल्या तरुणीच्या मनात घातलेली धास्ती कोणत्या कलमाखाली मोजणार? आपल्याकडे २००३ साली महिला संघटनांच्या तक्रारींनंतर फेअर अँड लव्हलीच्या काही जाहिराती पडद्यावरून गेल्या. २०२० साली कंपनीने क्रीमचे नावच बदलले. ‘फेअर’ गेले, ‘ग्लो’ आले. क्रीम दुकानात पूर्वीच्याच फळीवर राहिले.