बेळगावची लोकसंख्यावाढ व पाणीपुरवठा : एक ऐतिहासिक आढावा

शहर वाढले की त्याचा पाणवठा दूर जातो. बेळगावचा इतिहास याची साक्ष देतो. १९०१ च्या जनगणनेत छावणीसह शहराची लोकसंख्या ३६,८७८ होती. त्या काळी शहराची भिस्त मुख्यतः विहिरींवर होती. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली १९२४ साली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठीही टिळकवाडीत खास विहीर खोदण्यात आली. ‘काँग्रेस विहीर’ म्हणून ती आजही ओळखली जाते.

वस्ती वाढली तशा विहिरी अपुऱ्या पडू लागल्या. १९६२ मध्ये मार्कंडेय नदीवर राकसकोप जलाशय झाला. कालांतराने तोही पुरेना, तेव्हा घटप्रभेवरील हिडकल धरणाचे पाणी शहरात आणावे लागले. दरम्यान घरोघरी नळ आले, विहिरींचा उपसा थांबला आणि त्यांत गाळ-कचरा साचला. १९९५ च्या टंचाईत राकसकोपने तळ गाठला, तेव्हा महापालिकेला या दुर्लक्षित विहिरींकडे वळावे लागले. गाळ काढून अनेक विहिरी पुन्हा वापरात आल्या.

२०११ मध्ये छावणी वगळूनही शहराची लोकसंख्या सुमारे ४.९ लाख होती. म्हणजे ११० वर्षांत तेरा पट. पाऊस काही त्या प्रमाणात वाढत नाही. शिवाय हिडकलच्या पाण्यावर पूर्वेकडील कमी पावसाच्या भागातील शेतीही अवलंबून आहे. शहराची तहान वाढली की शेताच्या वाट्यावर ताण येतो. म्हणूनच नवा स्रोत मिळाला तरी जुना मोडीत काढू नये, हा १९९५ चा धडा आहे.