जंजिऱ्याच्या नाझली बेगम

आमचं म्हसळा 1948 पर्यंत जंजिरा संस्थानात होतं. सिद्दी नवाबांच्या गोष्टी इथं अजून निघतात, बेगमांची नावं मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी येतात.

नाझली रफिया बेगम मुंबईच्या फैजी घराण्यातल्या, अतिया फैजी यांच्या थोरल्या बहीण. कोवळ्या वयातच नवाब सिद्दी अहमद खान यांच्याशी त्यांचा निकाह झाला. 1908 मध्ये नवाब आणि अतिया यांच्यासोबत त्यांनी युरोप पाहिला आणि ‘सैर-ए-युरोप’ हे प्रवासवर्णन उर्दूत लिहिलं. पुस्तक स्वतःच्या नावानं छापलं. त्या काळी किती संस्थानांच्या बेगमांनी असं केलं असेल, सांगा!

पण मूल झालं नाही. 1913 मध्ये तलाक झाला. दुसऱ्या बेगम कुलसुम यांना 1914 मध्ये मुलगा झाला. 1922 मध्ये नवाब वारले, तेव्हा त्याच अल्पवयीन मुलाच्या नावानं कुलसुम बेगमनी 1933 पर्यंत कारभार पाहिला. त्यांचं कर्तृत्व मी कमी लेखत नाही. पण एकीला गादीजवळ नेणारं आणि दुसरीला महालाबाहेर काढणारं कारण एकच होतं, हे मला डाचतं.

फाळणीनंतर नाझली बेगम अतियांबरोबर कराचीत राहिल्या. 1968 मध्ये त्यांचं निधन झालं.

उर्दूच्या तासाला मी त्यांच्या पुस्तकाबद्दल सांगतो. मुली पहिला प्रश्न विचारतात, “सर, मग त्यांना मुलं किती?”