कॉफीची पिशवी कशी ओळखायची? व्हॉल्व्ह, फॉइल आणि आपला पावसाळा

भाजलेल्या कॉफीची पाव किलोची बरी पिशवी ऑनलाइन पाचशे-सहाशे रुपयांना पडते. अ‍ॅपवर आपण फोटो बघतो, रेटिंग बघतो, पण पिशवी कशाची आहे हे सहसा कुणी बघत नाही. खरं तर तिसऱ्या आठवड्यात कप कसा लागणार, हे बरंचसं त्या पिशवीवर ठरतं. मी डोंबिवलीत राहतो, नोकरी ठाण्यात. कल्याणची एक मैत्रीण घरी कॉफी भाजून विकायचं ठरवत होती आणि तिला पिशव्यांची ऑर्डर द्यायची होती. छापील पिशव्या हजारोंच्या संख्येत घ्याव्या लागतात, त्यामुळे निवड चुकली तर पैसे अडकणार. तेव्हा आम्ही घरातल्या रिकाम्या पिशव्या कापून बघितल्या. त्यातून कळलेलं इथे देतोय.

आधी गॅसचं गणित

कॉफी बिघडवणाऱ्या गोष्टी चार: ऑक्सिजन, ओलावा, उष्णता आणि उजेड. मग सरळ हवाबंद पिशवी घ्यायची ना? तिथेच अडचण आहे. भाजताना बियांच्या आत कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि पुढे कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत राहतो. वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के. कमीत कमी धरलं तरी २५० ग्रॅममागे २.५ ग्रॅम. ऐकायला चिल्लर वाटतं, पण खोलीच्या तापमानाला हा वायू जवळपास १.४ लिटर जागा घेतो. इतकी जागा पिशवीत नसते. मग ती फुगते आणि सील सुटतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्सने १९०० साली निर्वात डब्यात कॉफी भरायला सुरुवात केली. पण निर्वात पॅकिंग करायचं तर कॉफी आधी काही काळ ठेवून तिचा गॅस जाऊ द्यावा लागतो आणि गॅसबरोबर थोडा सुगंधही जातो. यावरचा तोडगा इटलीच्या गोल्यो कंपनीने १९६० च्या दशकात आणला, तो म्हणजे एकदिशा व्हॉल्व्ह. पिशवीच्या वरच्या भागात जे छोटं गोल बटण दिसतं ना, तेच. आत रबराची पातळ चकती असते. आतला दाब वाढला की ती किंचित उचलली जाते, गॅस निघतो, चकती परत बसते. बाहेरची हवा आत येत नाही. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना एका शब्दात सांगायचं तर डायोड.

व्हॉल्व्ह खरा की नुसता शोभेचा, हे रिकाम्या पिशवीवर तपासता येतं. झिप लावून पिशवी हळू दाबा. हवा व्हॉल्व्हमधून निघाली आणि हात काढल्यावरही पिशवी चपटीच राहिली, तर व्हॉल्व्ह चांगला. पुन्हा फुगली तर व्हॉल्व्ह नाहीतर झिप, दोघांपैकी कुणीतरी गळतंय.

मोबाइलचा टॉर्च लावा

दिसायला सगळ्या पिशव्या चकचकीत, पण आतला थर वेगळा. साधं पॉलिथिन ओलावा बऱ्यापैकी अडवतं, ऑक्सिजन मात्र त्यातून सहज जातो. मेटलाइज्ड फिल्म म्हणजे प्लॅस्टिकवर अ‍ॅल्युमिनियमचा अतिशय पातळ लेप. तो दोन्ही गोष्टी चांगल्या अडवतो. सगळ्यात पक्का थर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा.

फरक ओळखायला पिशवी संपल्यावर कापून एकच थर घ्या आणि अंधारात मागून टॉर्च लावा. मेटलाइज्ड असेल तर अंधुक उजेड आरपार दिसतो. फॉइल असेल तर काळोख, फार तर घडीच्या जागी सुईच्या टोकाएवढे ठिपके. चुरगाळून सोडल्यावर फॉइलची घडी बहुतेक वेळा तशीच राहते.

तपकिरी कागदी पिशवीला भुलू नका. कागद स्वतः काहीच अडवत नाही, आत काय चिकटवलंय ते बघायचं. माटुंग्याच्या दुकानातून ताजी दळून कागदी पुडीत आणलेली फिल्टर कॉफी ही वेगळी गोष्ट. ती आठवडाभरात संपवायच्या हिशोबानेच घेतात. दळलेल्या कॉफीचा गॅस आणि वास दोन्ही फार लवकर उडतात. त्यात चिकोरी असेल तर ती ओलावा झटकन ओढते. जुलैमध्ये डब्यात ढेकळं होतात ती यामुळेच. चिकोरी किती टक्के हे पॅकेटवर छापलेलं असतं, वाचून घ्या.

फ्रिजमध्ये ठेवू का?

हा प्रश्न हमखास येतो. पावसाळ्यात आपल्याकडे ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. अशा हवेत साधारण २७ अंशांहून थंड असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी जमतं. म्हणजे फ्रिजमधली पिशवी बाहेर काढून लगेच उघडली की ते पाणी थेट कॉफीवर. रोज आत-बाहेर करणार असाल तर फ्रिज नकोच, अंधारं कपाट बरं, आणि तेही गॅसच्या शेगडीपासून लांब. जास्तीची कॉफी फ्रीझरमध्ये ठेवायची तर छोट्या सीलबंद पुड्या करा आणि पुडी पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय फोडू नका.

(गंमत म्हणजे मलबार किनाऱ्यावर कच्च्या बिया मुद्दाम पावसाळी हवेत ठेवून ‘मॉन्सून्ड मलबार’ कॉफी करतात. भाजलेल्या कॉफीवर हा प्रयोग करू नका!)

उन्हाळ्याचा त्रास वेगळा. उष्णतेने बिघडण्याचा वेग वाढतो, आणि एप्रिल-मेमध्ये आपलं पार्सल पत्र्याच्या गोदामात किती दिवस पडून होतं ते आपल्याला कळत नाही. म्हणून त्या दिवसांत मी थेट कॉफी भाजणाऱ्याकडून मागवतो. पॅकिंगची तारीख आणि भाजल्याची तारीख एकच असेल असं नाही. ‘रोस्ट डेट’ वेगळी छापली असेल तर ती बघा. अ‍ॅपवर दिसत नसेल तर विक्रेत्याला मेसेज करून विचारा.

मग आम्ही काय घेतलं?

माझं मत असं की फॉइल की मेटलाइज्ड या वादापेक्षा पिशवीचा आकार महत्त्वाचा. एकदा झिप उघडली की रोज नवी हवा आत जाणारच, मग भिंत कितीही भारी असो. एकटे पिणार असाल तर २५० ग्रॅमच्या एका पिशवीपेक्षा १०० ग्रॅमच्या दोन घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. पिशवी दोन-तीन आठवड्यांत संपणार असेल, तर मेटलाइज्ड आणि चांगला व्हॉल्व्ह पुरतो. माल महिनोन्‌महिने दुकानात राहणार असेल तर मात्र फॉइल लागतं, आणि भरताना नायट्रोजन सोडून आतला ऑक्सिजन काढावा लागतो. घरगुती धंद्यात ते जमत नाही.

मैत्रिणीने व्हॉल्व्हवाल्या साध्या, न छापलेल्या १०० ग्रॅमच्या मेटलाइज्ड पिशव्या घेतल्या. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्या तिला फार आवडल्या होत्या, कारण अनेक थरांचं हे प्लॅस्टिक रिसायकल करणं अवघड असतं. पण बघितलेल्या नमुन्यांपैकी एकाही पिशवीचं झिप नीट बसत नव्हतं. तेवढं ती अजून शोधतेय. सध्या पिशवीवर स्टिकर लावते आणि भाजल्याची तारीख पेनाने लिहिते.